तिसऱ्या जाळीवरची तार

शेलूबाजार, ८ नोव्हेंबर

बाबा,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. हरीओमच्या जीपमधून पाठवते आहे. तो म्हणाला, "ताई, पत्र देतो, पन काका वाचतीन का नाही ते माह्या हातात नाही." मी म्हटलं, ते तर माझ्याही हातात नाही.

देवळाच्या भानगडीला चार वर्षं झाली आणि तेव्हापासून आपण बोललो नाही. हे पत्र त्याबद्दल नाही. हे कामाचं पत्र आहे.

शेलूबाजारहून चार किलोमीटर आत जो जुना दर्गा आहे, तिथे एप्रिलपासून माझं काम चालू आहे, हे आईनं सांगितलं असेल. दर्ग्याला चार खिडक्या आहेत. खाली दगडात कोरलेली चांदण्यांची जाळी, वर कमानीत चुन्यात बसवलेली रंगीत काच. काच निसटत होती, दगडाचे पापुद्रे सुटत होते. दुरुस्ती करायची, पण जुनं जितकं वाचेल तितकं वाचवायचं, एवढंच माझं काम.

जाळीला लोक मन्नत मागून धागे बांधतात. वर्षानुवर्षांचे धागे एकावर एक बसून त्यांची गादी झाली होती. पावसाळ्यात ती गादी ओली राहायची आणि तिच्या खालचा दगड भुसभुशीत व्हायचा. आम्ही धागे सोडवायला घेतले. तिसऱ्या जाळीत, डावीकडच्या खालच्या चांदणीला, धाग्यांच्या आत एक तार निघाली. मांडवाला बांधतात ती लोखंडी तार. दर्ग्याची देखभाल करणारे सैफुद्दीनचाचा म्हणाले, जाळीला तार बांधलेली त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नाही.

पीळ घालून झाल्यावर तारेचं टोक मागे वळवून पिळातच दाबलेलं होतं. कारल्याचा वेल खरचटू नये म्हणून तुम्ही मांडवावर तसं दाबता. आपल्या शिवारात दुसरं कुणी ते करत नाही.

तार गंजून फुगली आहे आणि तिनं चांदणीचा दांडा तडकवला आहे. ती काढावी लागेल. इथला रिवाज असा की, ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, आणि तेही मागितलेलं मिळाल्यावर. तेव्हा तुम्ही कधी येऊ शकाल ते कळवा.

शुभांगी


शेलूबाजार, १९ नोव्हेंबर

बाबा,

काल आईचा फोन आला. तुम्हाला पाठवलेल्या पत्राबद्दल मी विचारलं.

"आलं व. तुह्या बापानं खिशात घातलं."

"वाचलं का?"

"चष्मा सापडत नाही म्हनते."

"मग तू शोधून दे."

"कुठं शोधू, बाप्पा! डोक्शावर तं हाय."

म्हणून या वेळी अक्षर मोठं काढते आहे. चष्मा डोक्यावरच राहू द्या.

तुम्ही म्हणाल, एवढे धागे सोडवले, मग एक तार काढायला माणूस कशाला हवा? ते सांगायचं राहून गेलं होतं. दर गुरुवारी, जुम्मेरातीला, इथे गर्दी असते. सैफुद्दीनचाचांनी सलग काही जुम्मेराती लाउडस्पीकरवरून सांगितलं की, ज्यांचे धागे असतील त्यांनी येऊन सोडवा, मुराद पुरी झाली नसेल तर बाहेर नवी लाकडी चौकट उभी केली आहे, तिच्यावर परत बांधा. लोक आले. मंगरूळपीरहून, मालेगावहून, वाशीमहून. जे आले नाहीत, ज्यांचं नावगावच माहीत नाही, त्यांचे धागे चाचांनी फातेहा पढून स्वतः सोडवले. कात्री लावली नाही. गाठ सुटली नाही तर सुई घेऊन बसले. नजमुन्निसाचाची त्यांना म्हणाल्या, "निकाहच्या वेळेस माझ्या ओढणीची गाठ सोडवता आली नव्हती, आता मोठे आले!"

तार निघाली तेव्हाही चाचा फातेहा पढायलाच बसले होते. पण मी पाहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा तर माझ्या बाबांचा पीळ आहे."

चाचांनी हात खाली घेतला. म्हणाले, "बेटा, ज्याचं नाव माहीत नाही त्याचं मी सोडू शकतो. नाव माहीत झालं तर मग त्यालाच बोलवावं लागते."

मी म्हटलं, मी त्यांची मुलगी आहे, मी सोडते. चाचा म्हणाले, "बाप मेला असता तर तू सोडली असती. जिता आहे ना?"

काच बसवणारा नोमान परातीत चुना मळत होता. तो म्हणाला, "दीदी, आप चुप रहतीं तो काम हो जाता." खरं आहे. इतकी वर्षं हे काम करते आहे. काही दिसलं की आधी मोठ्यानं बोलायचं नाही, फोटो काढायचा, हा पहिला धडा. तो नेमका इथे विसरले.

तिसऱ्या खिडकीची रंगीत काच खाली काढून भुशाच्या खोक्यात ठेवलेली आहे. तिचं वजन जाळीवर येतं, त्यामुळे दांडा दुरुस्त झाल्याशिवाय ती वर चढवता येत नाही. बाकी तिन्ही खिडक्या झाल्या. जानेवारीच्या शेवटी उरूस आहे.

शुभांगी


शेलूबाजार, ३० नोव्हेंबर

बाबा,

तिसऱ्या खिडकीला आम्ही हिरवं कापड लावलं आहे. वारा आला की ते फुगतं आणि कबुतरं आत येतात. चाची त्यांना ओरडतात आणि मग ज्वारीही टाकतात.

आज काम कमी होतं, म्हणून थोडं काचेबद्दल लिहिते. तुम्ही कधी विचारलं नव्हतं की इंग्लंडला जाऊन मी वर्षभर केलं काय. गावात तुम्ही सांगितलं होतं, "पोरगी काचा पुसाले गेली." आईकडून कळलं तेव्हा मला राग आला होता. पण ते चूक नव्हतं. तिथे कॅथेड्रल म्हणतात तसं एक फार मोठं, फार जुनं चर्च होतं. त्याच्या खिडक्यांची काच सातशे वर्षांपूर्वीची. एकेक चौकट खाली उतरवायची, टेबलावर आडवी ठेवायची आणि काडीला कापूस गुंडाळून नुसत्या पाण्यानं पुसायची. माझ्या वाट्याला एक संत आला होता. त्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाच्या पावलाचा तुकडा बसवलेला होता. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी दुरुस्ती करताना खांद्याची काच मिळाली नाही, हाताशी पाऊल होतं, ते लावून दिलं. मी माझ्या वरच्या बाईंना विचारलं, हे काढून नीट खांदा करायचा ना? त्या म्हणाल्या, "त्यानं ज्या गरजेनं ते लावलं, ती गरज खरी होती. राहू दे."

इथेही तसंच निघालं. दुसऱ्या खिडकीत एक लाल तुकडा फार तेजस्वी दिसायचा. काढून पाहिला तर ट्रकच्या मागच्या दिव्याची काच! कंपनीचं नाव उलटं दिसत होतं. नोमान हसत सुटला, मग एकदम गप्प झाला. त्याच्या आजोबांनी ती खिडकी दुरुस्त केली होती म्हणे. मी म्हटलं, आहे तशी बसव, फक्त नाव आतल्या बाजूला येऊ दे. तो म्हणाला, "बाहेर ठेवतो. दादाला कळू दे, आम्ही पकडलं त्याला."

इंग्लंडमध्ये खिडकीला कुणी धागा बांधत नाही. वर्षभरात एकही माणूस आम्हाला विचारायला आला नाही की माझं काही इथे होतं, त्याचं काय केलं. काम फार सोपं होतं त्यामुळे.

तुमचं उत्तर आलं नाही. तुम्ही नाही म्हणा, तरी चालेल, पण म्हणा.

शुभांगी


शेलूबाजार, १२ डिसेंबर

बाबा,

मंगळवारी बाजारात तुम्ही मला दिसलात. चौकातल्या लिलावाच्या, हराशीच्या ओट्यावर मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होता. कुणीतरी भाव पाडून मागितला असावा, कारण तुम्ही म्हणत होता, "जा ना मंग, वावरातून उपटून आन!" आवाज पूर्वीसारखाच आहे. शर्ट मी दिलेला नव्हता. मी पलीकडून शेंगदाणे घेतले आणि निघाले. दर आठवड्याला तुम्ही दर्ग्यापासून चार किलोमीटरवर येता आणि परत जाता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी कामाचं पत्र लिहिते म्हटलं होतं. आता ते तसं राहिलेलं नाही, तेव्हा देवळाचा विषय काढते.

तुम्ही समितीचे अध्यक्ष होता. वर्गणी तुम्ही गोळा केली, टाइल तुम्ही निवडल्या. महादेवाच्या देवळाचे खांब हजार वर्षांचे नसतील, पण सातआठशे वर्षांचे नक्की आहेत, आणि त्यांच्यावर सिमेंट थापून बाथरूमच्या टाइल चिकटत होत्या. मी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केला, साहेब आले, काम थांबलं. तेव्हापासून देऊळ अर्धं टाइलचं आणि अर्धं दगडाचं उभं आहे. लोक तुम्हाला बोलतात आणि तुम्ही माझ्याशी बोलत नाही.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी एकदा लिहून पाहिलं.

आता तारेचं. चाचांना मी काल विचारलं की, तुम्ही आलाच नाहीत तर? ते म्हणाले, "तो रहने दो. उरूस एका खिडकीवाचून होईल." त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की मला वाद घालता आला नाही. काच खोक्यात राहील आणि दांडा तडकत राहील. एखाद्या पावसाळ्यात ती चांदणी गळून पडेल, मग शेजारची. यात मी कुणाकडे अर्ज करू शकत नाही.

शुभांगी


१६ डिसेंबर

शुभांगीले,

पत्रं सगळे भेटले. चष्मा हरवला नव्हता. तुह्या मायच्या पोटात गोष्ट राहत नाही.

तार मीच बांधली. सारे लोक धागा बांधून राह्यले होते. मी पाहून राह्यलो होतो, जुने धागे सडून खाली पडले होते. म्हनलं, आपलं एवढं मोठं मांगनं अन सडक्या धाग्यावर कायले ठेवावं? खिशात मांडवाची तार होती, थे बांधली. दगडाले तारेनं काही होते हे मले काय मालूम. दगड तं दगड. सैफुद्दीनभाईले सांगजो, जानूनबुजून नाही केलं.

काय मांगलं ते सांगनार नाही. सांगतलं तं ते जाते.

आता माही एक गोष्ट आयक. शेजारची रामीबाई तिथं धागा सोडवाले गेलती. तिनं आल्यावर साऱ्या गल्लीत सांगतलं, गुलाबरावच्या पोरीनं मले खुर्ची देल्ली, पानी देल्लं, इचारलं, मावशी, सोडवू का, का तुमीच सोडवता? चांगलं केलं. लोकायच्या दोन पैशाच्या धाग्यासाठी तू इचारते, खुर्ची देते, थांबते. अन आपल्या देवळाचं काम थांबवलं तवा कोनाले इचारलं? तू सुट्टीवर आलती. माह्या बाजूले बसून जेवत होती. रोज संध्याकाळी मी तुले टाइलीच्या गोष्टी सांगत होतो, तू हो हो करत होती. मले कवा समजलं? साहेबाची गाडी देवळासमोर उभी राह्यली तवा. मी हातात नारय घेऊन उभा होतो. मले वाटलं कोनी पाहुना आला.

रागानं लिहून नाही राह्यलो. राग होता, गेला. इचारून राह्यलो, काहून नाही इचारलं?

गुलाबराव


शेलूबाजार, २० डिसेंबर

बाबा,

विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. तुम्ही नाही म्हटल्यावर माझ्या हातून तो अर्ज गेला नसता. म्हणून नाही विचारलं. याहून चांगलं उत्तर मी तीन दिवस शोधलं, सापडलं नाही.

काम थांबायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. साहेबाच्या गाडीआधी तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं, असंही वाटतं. ही दोन वाक्यं एका ओळीत बसवून पाहिली, बसत नाहीत. म्हणून वेगळी लिहिली आहेत. तुम्हाला जे आधी वाचायचं ते वाचा.

काय मागितलं ते सांगू नका. चाचा फक्त एवढंच विचारतील की पुरं झालं का. हो असेल तर सोडा, नाही असेल तर तार राहील. तुमची मर्जी, आणि मी तिच्यावर काही बोलणार नाही.

एक विनंती. आलात तर पक्कड आणू नका.

शुभांगी


शेलूबाजार, २८ डिसेंबर

आई,

हे पत्र तुला आहे. हळूहळू वाच, पण स्वतः वाच. बाबांकडून वाचून घेऊ नको, ते मधली पानं गाळतील.

काल बाबा आले. त्यांनी तुला काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे. "गेलो, तार काढली, आलो." तसं झालं नाही.

दुपारी हरीओमची जीप थांबली आणि बाबा उतरले. धुतलेलं धोतर, वर टोपी. पिशवीत दोन मोठी कारली आणि एक पक्कड. कारली नजमुन्निसाचाचीला दिली. पक्कड मी मागितली, त्यांनी दिली नाही. "राहू दे पिशवीत. तिनं काय होते?" माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. नोमानला विचारलं, "तूच का थो, ट्रकच्या लाइटवाला?" म्हणजे माझी पत्रं त्यांनी नीट वाचली आहेत.

आम्ही आत गेलो. चाचांनी लोबान घातला आणि बाबांना जाळीसमोर बसवलं. मग विचारलं, "गुलाबराव, मुराद पुरी झाली?"

बाबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "थेच समजून नाही राह्यलं."

"म्हणजे?"

"अर्धी झाली असन."

"अर्धी मुराद कशी असते भाई? मिळालं किंवा नाही मिळालं."

"मी सांगू का काय मांगलं होतं? मंग तुमीच ठरवा."

चाचा म्हणाले, सांगा. आई, मी उठून बाहेर जायला निघाले. बाबा म्हणाले, "बस. तुह्याच कामाचं हाय."

आणि मग त्यांनी सांगितलं. देवळाचं काम थांबल्यावर मी पुण्याला गेले आणि परत आले नाही, त्या पुढच्या हिवाळ्यात ते इथे आले होते. तुला घेऊन नाही, एकटे. तुला मंगरूळपीरला बियाणं आणायला जातो म्हणून सांगितलं होतं. जाळीसमोर उभं राहून त्यांनी मागितलं होतं, "पोरगी दूर गेली. तिले आपल्या जिल्ह्यात आन."

"आली ना," बाबा म्हणाले. "एप्रिल मयन्यात आली. शेलूबाजारात खोली घेऊन राह्यते. आता थे जिल्ह्यात आली म्हनाव का नाही? आली. पन मले जिल्ह्यात नव्हती पाह्यजे. मले वाटलं होतं, जिल्ह्यात आली म्हनजे घरी येईनच. घरचं नाव घ्याचं राहून गेलं. म्हनून मी सोडवाले आलो नाही. सोडली तं एवढ्यावरच राह्यलं असतं."

आई, त्यांनी ते एखाद्या सौद्यातली चूक सांगावी तसं सांगितलं. हराशीत वजन सांगितलं आणि भाव बोलायचा राहिला, तसं. मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. नोमान काच पुसायला लागला, जी आधीच पुसलेली होती.

चाचा हसले. म्हणाले, "गुलाबराव, पीरसाहेबांनी तर त्यांचं काम केलं. मुंबई-पुण्याहून उचलून इथपर्यंत आणली, ते पण त्यांच्याच दारात कामाला लावली. आता इथून तुमचं गाव किती?"

"जीपनं पाऊन तास."

"तो पाऊण तास का काम भी पीरसाहेब करें?"

बाबांनी एकदा जाळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. झाली मुराद. सोडतो."

आणि पिशवीत हात घालून पक्कड काढली! मी त्यांच्या मनगटाला धरलं. चार वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, बाबा, तार दगडात रुतली आहे, ओढली तर चांदणी हातात येईल. मी सांगते तसं करा. ते म्हणाले, "सोडवाची मले हाय का तुले?" मी म्हटलं, हात तुमचा, सांगणं माझं. चाचांकडे पाहिलं, चाचांनी मान हलवली.

मग पूर्ण दुपार गेली. मी तारेच्या आणि दगडाच्या मध्ये बांबूच्या बारीक काड्या सरकवल्या आणि ओला कागद दाबून बसवला. बाबांच्या हातात सोनाराची बारीक करवत दिली. तार ओढायची नाही, जिथल्या तिथे कापून तुकडा तुकडा उचलायचा. पहिले दोन तुकडे होईपर्यंत ते माझ्यावर वैतागले. "एवढ्या टाइमात मी दोन मांडव उभे केले असते." "असल्या कामाचे तुले पैसे देतात?" मग बोलणं थांबलं. तुला त्यांचे हात माहीत आहेत. एकदा लय लागली की ते काम चुकत नाहीत. वळवून दाबलेलं टोक शेवटी राहिलं होतं. ते त्यांनीच घातलेलं, त्यामुळे कसं निघेल हे मला सांगावं लागलं नाही.

ते निघालं आणि दगडाची बोटाच्या पेराएवढी कपची खाली पडली.

बाबा तसेच बसून राहिले. "झालं. फोडली मी."

मी सांगितलं, ती आधीच सुटलेली होती, तारेनंच धरून ठेवली होती. आई, हे खरं होतं. खोटं असतं तरी मी हेच म्हटलं असतं, पण खरं होतं.

त्यांनी कपची उचलली, उपरण्यात पुसली आणि मला दिली. ती आता कशी बसवणार ते विचारलं. मी दाखवलं. आत बारीक खुंटी आणि बाजूनं चुना. ते म्हणाले, सिमेंट काहून नाही? मी म्हटलं, दगड पाणी पितो आणि उन्हात सोडून देतो. चुना त्याला सोडू देतो. सिमेंट तोंड बंद करतं, मग पाणी आतच राहतं आणि दगड आतून भुगा होतो. बाबांनी जाळीवरून हात फिरवला आणि मग त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसलं.

"आपल्या खांबायचं बी असंच होऊन राह्यलं असन?"

"झालं असेल. पाहिल्याशिवाय सांगता येत नाही."

"टाइली काढल्या तं खांब फुटतीन?"

"हळू काढल्या तर नाही फुटणार."

"किती हळू?"

"आज तार काढली तितकं."

ते म्हणाले, "बाप रे!" मग थोडं थांबून, "चार खांब हायेत." आणि मग पुन्हा थोडं थांबून, "लोक नाही आयकतीन व. त्यायच्या घामाचे पैसे हायेत त्या टाइलीत."

मी म्हटलं, मग त्यांना विचारायला लागेल.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी लागेलसं बोलतील, आणि बोलायचा त्यांना हक्क होता. पण बाहेरून हरीओमनं हॉर्न दिला आणि ते उठले. चाचीनं चहासाठी थांबवलं तर उभ्यानंच प्यायले. जाताना चाचांना म्हणाले, "खिडकी लागली म्हनजे सांगजा, पाह्यले येईन." मला काही म्हणाले नाहीत. तारेचे तुकडे रुमालात बांधून घेऊन गेले. त्यांचं काय केलं असेल ते तू पाहा आणि मला फोन कर.

कपची बसवली आहे. चुना मुरला की काच वर चढवू. उरुसाच्या आधी नक्की.

शुभांगी


श्री महादेव मंदिर जीर्णोद्धार समिती

१० जानेवारी

प्रति,
श्रीमती शुभांगी गुलाबराव इंगोले
मुक्काम शेलूबाजार

विषय : सभेस उपस्थित राहण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, मंदिरातील खांबांवर बसविलेल्या टाइल काढाव्यात किंवा कसे, याबाबत गावकऱ्यांचे मत जाणून घेण्यासाठी रविवार, दि. १९ जानेवारी रोजी मंदिराच्या ओट्यावर सभा आयोजित केली आहे. आपण सदर कामातील जाणकार असल्याने सभेस हजर राहून गावकऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, ही विनंती. समितीने अद्याप कोणताही निर्णय घेतलेला नाही. निर्णय गावकरी घेतील.

आपला,
गुलाबराव इंगोले
अध्यक्ष

ता. क. वरचं ग्रामसेवकाकून लिहून घेतलं. हे मी लिहून राह्यलो. लोक तापून हायेत. बबनराव तं म्हनते, थे आली तं मी सभेतून उठून जाईन. जाऊ दे त्याले, थो सगळ्याच सभेतून उठून जाते. तू आवाज मोठा ठेवजो अन लय पुस्तकी बोलू नको. तारेची गोष्ट सांगजो, माह्या नावासकट सांगितली तरी चालते.

सभा सकाळी सातले ठेवली. टाइम मीच ठरवला. तेवढ्या सकाळी शेलूबाजारहून एकबी जीप निघत नाही, हरीओमले इचारून घेतलं. तुले आदल्या दिवशीच घरी याव लागन.